शेवटचा २ पुढे आणला की दुप्पट: १०५२६३१५७८९४७३६८४२ ह्या संख्येचं अंतरंग

प्रश्न (बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमधून, गणिताच्या सरांचा): मुलांमध्ये एक कोडं फिरतंय. १०५२६३१५७८९४७३६८४२ ह्या संख्येतला शेवटचा २ उचलून सगळ्यांत पुढे ठेवला की संख्या दुप्पट होते म्हणे. शाळेच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये घातली तर शेवटच्या अंकांची शून्यं होतात, म्हणून पोरं म्हणतात कोडंच खोटं आहे. खरं काय? हाताने करून दाखवता येईल का? आणि विज्ञान प्रदर्शनात मांडण्यासारखं ह्यात आणखी काही आहे का?

उत्तर:

सर, कोडं खरं आहे, चुकतंय ते एक्सेल. आधी पोरांसमोर पडताळा घेऊन टाका. दुकानात हिशेबाला वापरतात तो बारा अंकी कॅल्क्युलेटर त्याला पुरतो. अठरा अंक त्यात मावत नाहीत, म्हणून संख्या मधोमध तोडायची: डावीकडे १०५२६३१५७, उजवीकडे ८९४७३६८४२. आधी उजवा भाग दुप्पट करा, १७८९४७३६८४ येतात. त्यातले शेवटचे नऊ अंक, ७८९४७३६८४, कागदावर उतरवा आणि पुढचा १ हातचा धरा. मग डावा भाग दुप्पट करून त्यात हातचा मिळवा: २१०५२६३१४ + १ = २१०५२६३१५. दोन्ही तुकडे जोडले की

२१०५२६३१५७८९४७३६८४

शेवटचा २ पुढे आला, उरलेले सतरा अंक जागचे हलले नाहीत.

एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच धरतं आणि पुढच्या जागा शून्यांनी भरतं, त्यामुळे तिथे १०५२६३१५७८९४७३६००० दिसतं. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये टाकलीत तर वेगळीच गंमत: १०५२६३१५७८९४७३६८५० येतं. तिथे ९००७१९९२५४७४०९९२ (२ चा ५३ वा घात) इथपर्यंतचे सगळे पूर्णांक बिनचूक मावतात. पुढे जागा कमी पडू लागते, आणि आपल्या संख्येच्या आसपास तर फक्त १६ च्या पटीतले आकडेच साठवता येतात. जवळचा असा आकडा ८४८ ने संपतो, आणि दाखवताना त्याचा ८५० होतो. पायथनमध्ये पूर्णांकाला ही अडचण नाही. अंक इंग्रजी टंकून २*१०**१८//१९ लिहा (दोन तारे म्हणजे घात), नेमकी हीच संख्या मिळेल. पण दोन तिरक्या रेघांऐवजी एकच दिलीत तर दशांशाचा भागाकार होतो आणि शेवटचे अंक पुन्हा बिघडतात. ह्या एका ओळीत १९ कुठून आला, सगळं कोडं तिथेच आहे.

आता हाताने संख्या तयार करणं. हे सहावीतल्या पोरालाही जमतं, कारण लागतो फक्त दोनचा पाढा. एककाच्या जागी २ लिहा. दुप्पट करताना उत्तरातला प्रत्येक अंक हा मूळ संख्येतला एक घर डावीकडचा अंक असला पाहिजे, कारण सगळे अंक एकेक घर उजवीकडे सरकलेत. म्हणून आत्ताच लिहिलेल्या अंकाची दुप्पट करायची, हातचा असेल तर मिळवायचा, आणि येईल तो एकक डावीकडे लिहायचा. २ चे ४. ४ चे ८. ८ चे १६, लिहा ६, हातचा १. ६ चे १२ आणि १ तेरा, लिहा ३, हातचा १. ३ चे ६ आणि १ सात. ७ चे १४, लिहा ४, हातचा १. मग ९, मग १८ चे ८, १७ चे ७, १५ चे ५, ११ चा १, त्यानंतर २ आणि हातचा १ मिळून ३, मग ६, १२ चे २, ४ आणि १ पाच, ५ चे १०, लिहा ०, हातचा १, शून्याची दुप्पट शून्य अधिक हातचा, १. ह्यापुढे १ चे २ आणि हातचा काही नाही. आपण जिथून सुरुवात केली नेमक्या त्याच स्थितीत परत आलो, इथे थांबायचं. उजवीकडून डावीकडे अठरा अंक झाले.

मुलं दोन ठिकाणी हमखास अडखळतात. पहिली जागा उजवीकडून पंधराव्या अंकाची. तिथे १२ चे २ येतात आणि पोरांना वाटतं, २ आला, संपलं. पण तिथे हातचा १ शिल्लक असतो. तिथेच थांबलं तर हातात ६३१५७८९४७३६८४२ ही चौदा अंकी संख्या राहते. तिची दुप्पट १२६३१५७८९४७३६८४, आणि २ पुढे आणला तर मिळतात २६३१५७८९४७३६८४. दोन्हींत फरक फक्त पुढच्या १ चा, म्हणजे न जिरवलेल्या हातच्याचा. ही चूक फळ्यावर मुद्दाम करून दाखवा. थांबायचं केव्हा, तर अंक २ आणि हातचा शून्य, दोन्ही जमल्यावर. दुसरी जागा शून्याची. ५ चे १० आले की ० लिहायचाच राहतो, थेट १ लिहून मोकळे होतात. मग सतरा अंक होतात आणि दुप्पट जुळत नाही.

ही सगळ्यांत लहान संख्या का? शेवटचा अंक वेगळा काढा: संख्या = १०अ + २, जिथे अ मध्ये म अंक आहेत. २ पुढे आणल्यावर २×१०^म + अ (१०^म म्हणजे दहाचा म वा घात). हे दुप्पट, म्हणजे २०अ + ४, असायला हवं. इकडचं तिकडे केलं की १९अ = २×(१०^म − २). १९ ही मूळ संख्या, ती २ ला भागत नाही, म्हणून १०^म ला १९ ने भागून बाकी २ उरली पाहिजे. दहाचे घात १९ ने भागत गेलं की बाक्या येतात त्या अशा: १०, ५, १२, ६, ३, ११, १५, १७, १८, ९, १४, ७, १३, १६, ८, ४, २. बाकी २ पहिल्यांदा सतराव्या घाताला येते. अ सतरा अंकी, संख्या अठरा अंकी, त्याहून लहान शक्यच नाही. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन ह्यांना हे कोडं घातल्यावर क्षणभरात त्यांनी अशी सर्वांत लहान संख्या अठरा अंकी असल्याचं सांगितलं, असा किस्सा प्रसिद्ध आहे. १९ च्या बाक्या ज्याच्या डोक्यात आहेत त्याला ते अवघड नाही.

शेवटी १ असलेली संख्याही हाच नियम पाळते, ०५२६३१५७८९४७३६८४२१, पण ती शून्याने सुरू होते म्हणून कोड्यात धरत नाहीत. पुढच्या कामाला मात्र तीच सोयीची. ती आहे १/१९ च्या दशांशात पुन:पुन्हा येणारा अठरा अंकांचा गट, आणि कोड्यातली संख्या तिची दुप्पट, म्हणजे २/१९. नववीत १/७ चा १४२८५७ शिकवतो त्याचीच ही थोरली बहीण. १९ ने भागताना बाकी शून्य येणं शक्य नाही, म्हणजे बाक्या १ ते १८ एवढ्याच. त्या अठराही बाक्या एकेकदा येऊन गेल्यावरच भागाकार पहिल्या जागी परततो. वैदिक गणिताच्या क्लासमध्ये १/१९ हे ठरलेलं उदाहरण म्हणून करून दाखवतात, ती कृती वर केलेलीच दुप्पट-हातच्याची कृती आहे. ती चालते कारण १९ हे २० पेक्षा एकने कमी: १० ला २ ने गुणून १९ ने भागलं की बाकी १. म्हणून ह्या चक्रात एक अंक मागे जाणं म्हणजेच दुप्पट करणं. तिला नाव काहीही द्या, कारण एवढंच आहे.

प्रदर्शनासाठी माझी पहिली पसंती चाकाला. जाड पुठ्ठ्यावर १५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. अठरा अंक, म्हणजे प्रत्येकाला २० अंश आणि परिघावर साधारण सव्वापाच सेंमी जागा. रेघा मारताना मागच्या रेघेवर कोनमापक ठेवून पुढचे २० अंश मोजत जाऊ नका; अर्ध्या अंशाची चूक साठत साठत अठराव्या घराला चांगलीच दिसते. कोनमापक एकदाच व्यासावर बसवा, ०, २०, ४० असं १६० पर्यंत खुणा करा आणि प्रत्येक रेघ केंद्रातून आरपार ओढा. नऊ व्यास झाले की अठरा घरं आपोआप पडतात, आणि समोरासमोरच्या घरांची जोडी ह्याच व्यासांवरून पुढे कामाला येते.

घड्याळाच्या दिशेने प्रत्येक रेघेच्या टोकाला मोठा अंक, आणि त्याच्या आतल्या बाजूला लहान अक्षरात ती बाकी जिच्यापासून तो अंक निघाला. क्रम असा (आधी अंक, मग बाकी):

०–१, ५–१०, २–५, ६–१२, ३–६, १–३, ५–११, ७–१५, ८–१७, ९–१८, ४–९, ७–१४, ३–७, ६–१३, ८–१६, ४–८, २–४, १–२.

बघणाऱ्याला १ ते १८ मधला कुठलाही आकडा सांगायला सांगा. त्याने ७ सांगितला, तर मुलाने बाकी ७ चं घर शोधायचं, तिथल्या अंकापासून घड्याळाच्या दिशेने अठरा अंक वाचायचे: ३६८४२१०५२६३१५७८९४७. हा झाला ०५२६३१५७८९४७३६८४२१ × ७. कोड्यातली संख्या बाकी २ च्या घरापासून सुरू होते, तिची दुप्पट बाकी ४ पासून, आणि ४ चं घर २ च्या लगेच मागे आहे. कोड्याची सगळी करामत त्या दोन शेजाऱ्यांत आहे. कुणी १९ म्हटलं तर चाक फिरवायचं नाही, अठरा नऊ लिहायचे: ९९९९९९९९९९९९९९९९९९. ही जागा शेवटी ठेवा, लोक तोवर आणखी एका फिरवणीची वाट बघत असतात.

१९ च्या पुढचा आकडा आला तर त्याला १९ ने भागा. समजा ४७: भागाकार २, बाकी ९. बाकी ९ पासूनची ओळ ४७३६८४२१०५२६३१५७८९. तिच्यातून भागाकार २ वजा करा, ४७३६८४२१०५२६३१५७८७. आणि पुढे २ लावा. उत्तर २४७३६८४२१०५२६३१५७८७. वजाबाकी विसरणं ही इथली नेहमीची चूक, आणि ती शेवटच्या अंकावरून लगेच धरता येते: जिला गुणतोय ती १/१९ ची संख्या १ ने संपते, म्हणून गुणाकाराचा एकक अंक गुणकाच्या एककाएवढाच हवा. ४७ ला ७. १९ च्या पटीतले आकडे (३८, ५७) ह्या नियमात बसत नाहीत, ते पाटीवर लिहूनच ठेवा.

चाकावर समोरासमोरचे अंक बघा. ० समोर ९, ५ समोर ४, २ समोर ७. नऊही व्यासांवर बेरीज ९, आणि समोरासमोरच्या बाक्यांची बेरीज १९. म्हणजे संख्येचे दोन अर्धे मिळवले की नुसते नऊ: १०५२६३१५७ + ८९४७३६८४२ = ९९९९९९९९९. अर्धीच संख्या पाठ केली तरी पुरे, उरलेली नवातून वजा करून लिहिता येते. तीन तुकडे केले तरी १०५२६३ + १५७८९४ + ७३६८४२ = ९९९९९९. सहा तुकड्यांत मात्र ९९९ येत नाहीत, त्याची तिप्पट २९९७ येते. हे आधीच सांगितलं नाही तर पोरं बेरीज चुकली समजून खोडत बसतात.

हे अर्धे जुळतात कारण १००००००००१ ला १९ ने नि:शेष भाग जातो: १९ × ५२६३१५७९ = १००००००००१. ही दोन्ही टोकांना १ असलेली संख्या आपल्या भागाला जुनी ओळखीची आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात कर्नाटकात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यात पुढून-मागून सारखे वाचता येणारे गुणाकार गळ्यातल्या हारांची नावं देऊन मांडलेत, आणि त्यांपैकी एक आहे १४२८५७१४३ × ७ = १००००००००१. तिथे ७ आहे, इथे १९. संख्या तीच, कारण तिचे अवयव ७, ११, १३, १९ आणि ५२५७९. जवळच १२३४५६७९ × ९ = १११११११११ हाही आहे, आणि तोसुद्धा आपल्या संख्येत लपलेला आहे: १०५२६३१५७८९४७३६८४२ = ८१ × १२३४५६७९ × १०५२६३१५८. सगळे मूळ अवयव काढले तर २, ३ (चार वेळा), ७, ११, १३, ३७, ५२५७९ आणि ३३३६६७. मुलांना ७, ११, १३ ची कसोटी एका फटक्यात दाखवता येते: तीन-तीन अंकांचे गट करून एकाआड एक वजा-अधिक करा, १०५ − २६३ + १५७ − ८९४ + ७३६ − ८४२. उत्तर नेमकं −१००१, म्हणजे ७ × ११ × १३.

अंकांची बेरीज ८१, आणि संख्येला ८१ ने भाग जातो. अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर ह्यांनी हर्षद संख्या असं नाव दिलं. ही तशीच, आणि चाकावरच्या अठराही ओळी तशाच. बेरीज ८१ च का, तेही चाक सांगतं: ० आणि ९ एकेकदाच येतात, १ ते ८ प्रत्येकी दोनदा.

दुसरा तक्ता १८ × १८ च्या चौकटीचा. बाजारात मिळणारा कार्डशीट साधारण ५६ × ७१ सेंमीचा असतो. अडीच सेंमीची घरं पाडली तर चौकट ४५ सेंमीची होते, डाव्या कडेला १ ते १८ लिहायला आणि उजव्या कडेला ८१ लिहायला जागा राहते. पहिल्या ओळीत १/१९ चे अंक, दुसरीत २/१९ चे, असं १८/१९ पर्यंत. एकही गुणाकार करायचा नाही. प्रत्येक ओळीचे पहिले दोन अंक ठरलेले आहेत:

०५, १०, १५, २१, २६, ३१, ३६, ४२, ४७, ५२, ५७, ६३, ६८, ७३, ७८, ८४, ८९, ९४.

चाकावर ती जोडी शोधा आणि पुढे वाचत जा. पहिला एकच अंक बघून सुरुवात करू नका, कारण १ ते ८ हे अंक दोन-दोन ठिकाणी आहेत. जोडी मात्र एकाच जागी सापडते. प्रत्येक आडव्या ओळीची बेरीज ८१. प्रत्येक उभ्या ओळीची ८१, कारण प्रत्येक स्तंभातही अठरा बाक्या एकेकदाच येतात, फक्त क्रम बदलून. कर्णांना असं सोपं कारण नाही, आणि तरीही तेही ८१! डावीकडून वरून खाली येणारा कर्ण असा आला पाहिजे:

०, ०, ७, ५, ५, ९, ०, ३, ०, ४, २, ८, ७, ५, ६, ७, ५, ८

आणि उजवीकडून येणारा:

१, ४, २, ३, ४, २, १, ७, ५, ९, ६, ९, ०, ४, ४, २, ९, ९.

शेजारी १/७ ची ६ × ६ चौकट लावा. तिच्या आडव्या-उभ्या बेरजा २७ येतात, पण कर्ण ३१ आणि २३. दोन्ही कर्ण जुळणारी सर्वांत लहान मूळ संख्या १९, तिच्या पुढची थेट ३८३. म्हणून माझ्या मते परीक्षकांना अडवायची जागा चाकावर नाही, ह्या कर्णांवर आहे.

उतरवताना होणाऱ्या चुका आपल्याकडे जरा जास्तच. मुलं वहीत देवनागरी अंक लिहितात, कॅल्क्युलेटरवर इंग्रजी बघतात आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर कन्नड. देवनागरी ४ आणि इंग्रजी आठ दिसायला जवळजवळ सारखे. १ आणि ९ घाईत एकमेकांत मिसळतात. कन्नड एक हा उघड्या तोंडाचा गोल असल्यामुळे शून्यासारखा वाटतो. तक्ता तिन्ही लिप्यांत केलात तर छानच, कारण ही सगळी करामत दहाच्या पद्धतीची आहे, लिपी कुठलीही चालते. पण एका तक्त्यावर एकच लिपी ठेवा. आणि ओळ लिहून झाली की पहिला-दहावा, दुसरा-अकरावा अशा नऊ जोड्यांची बेरीज ९ येते का ते बघा. ४ च्या जागी ८ पडला असेल तर ती जोडी १३ दाखवते, आणि चूक ३२४ घरांत शोधत बसावी लागत नाही.

संख्या वाचायची कशी, हे कोणीतरी विचारणारच. स्वल्पविराम देऊन १,०५,२६,३१,५७,८९,४७,३६,८४२. भास्कराचार्यांनी लीलावतीत एक, दश, शत पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिलीत, आणि ह्या संख्येने ती अठराही भरतात. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. डावीकडून: परार्ध १, मध्य ०, अंत्य ५, जलधी २, शंकू ६, महापद्म ३, निखर्व १, खर्व ५, अब्ज ७, अर्बुद ८, कोटी ९, प्रयुत ४, लक्ष ७, अयुत ३, सहस्र ६, शत ८, दश ४, एक २.

पोरं उलटा प्रश्नही विचारतील: पहिला अंक उचलून शेवटी नेला तर दुप्पट होणारी संख्या आहे का? नाही. पहिला अंक अ आणि त्यामागे म अंकांची ब धरली तर १०ब + अ = २×(अ×१०^म + ब), म्हणजे ८ब = अ×(२×१०^म − १). कंसातली संख्या विषम, म्हणून ८ ने भाग जायला अ हा ८ च हवा. मग ब = २×१०^म − १, आणि ही म अंकांत मावतच नाही.

ह्याच रीतीने तिप्पट, चौपट करायला द्या, पण लांबी आधी बघून. चौपटीला सहाच अंक लागतात: १०२५६४, शेवटचा ४ पुढे आणला की ४१०२५६. आठपटीला तेरा: १०१२६५८२२७८४८. गृहपाठाला हे दोन पुरेत. तिप्पट मात्र २८ अंकी आहे, १०३४४८२७५८६२०६८९६५५१७२४१३७९३, आणि सहापट तर ५८ अंकी. पाचपटीला एक खोच आहे. वरच्यासारखं एककाला ५ घेऊन सुरुवात केली तर ४२ अंकी संख्या हाती येते आणि तीच सर्वांत लहान वाटते. पण पाचपटीत १९ च्या जागी ४९ येतो, तो मूळ नाही, ७ × ७ आहे. म्हणून एककाला ७ घेतला की एक ७ कटतो आणि सहा अंकांतच काम होतं: १४२८५७, सात पुढे आणला की ७१४२८५, बरोब्बर पाचपट.